हुकूमनाम्यानंतर

सकाळी लोणावळ्यात तुंगार्ली धरणाच्या वाटेवर चढलं की खाली बंगल्यांची दाटी दिसते. जमिनीला भाव आला की बांधाचे, वहिवाटीच्या रस्त्याचे, ताब्याचे दावे येतातच. मावळातली कितीतरी माणसं अशा दाव्यांसाठी वडगावच्या न्यायालयाची पायरी वर्षानुवर्षं चढतात. एके दिवशी निकाल लागतो, घरात पेढे येतात. जागेवरचं कुंपण मात्र हलत नाही. त्यासाठी हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, म्हणजे दरखास्त, दाखल करावी लागते, ताब्याचं वॉरंट निघावं लागतं, बेलिफाला जागा दाखवावी लागते, आणि समोरचा आडवा आला तर पोलीस बंदोबस्तही मागावा लागतो.

भारतातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असं ब्रिटिश काळी शेवटचं अपील ऐकणाऱ्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच नोंदवलं होतं. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बजावलं. पुढे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने आकडे मागवले, तेव्हा देशात ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती पडून असल्याचं दिसलं. सर्वांत जास्त, ३ लाख ४१ हजारांवर, मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतल्या होत्या. ही आपल्याला लाज वाटावी अशी गोष्ट आहे. बापाने जिंकलेल्या जमिनीसाठी मुलाने पुन्हा तारखा मोजाव्यात, याला न्याय मिळाला असं मी म्हणणार नाही.

आणि तरीही बेलिफाच्या हाताला कायद्याने जी मर्यादा घातली आहे, तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे. १९०८ची दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते : जंगम मालाच्या जप्तीसाठी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी कुणाच्या राहत्या घरात शिरायचं नाही. अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त करायचं नाही. धर्माच्या रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत ते दागिने घ्यायचे नाहीत. कारागिराची हत्यारं सोडायची. शेतकऱ्याची अवजारं, आणि पोट भरण्यापुरती गुरं व बियाणंही सोडायचं. पैशाच्या वसुलीपायी बाईला अटक करायची नाही. हरलेला माणूस उद्या पुन्हा पेरणीला उभा राहिला पाहिजे, एवढी काळजी यात आहे. सक्ती करणाऱ्या यंत्रणेकडून आपण याहून वेगळं काय मागावं? फक्त हीच काळजी जिंकलेल्याच्याही वाट्याला यावी. त्याचंही आयुष्य तारखांत सरत असतं.

तुमच्या घरात एखादा जुना हुकूमनामा पेटीत असेल, तर आज तो बाहेर काढा, तारीख पाहा आणि वकिलाला दाखवा. ताब्याच्या किंवा पैशाच्या हुकूमनाम्याची दरखास्त १२ वर्षांच्या आत द्यावी लागते. भिंत पाडा, अडवलेली वाट मोकळी करून द्या, अशा आज्ञेसाठी मात्र ३ वर्षंच मिळतात.