पाळी गेली म्हणून टाळ्या कसल्या देता?

सगळ्याजणी इकडे या. बूट नंतर काढा, आधी ऐका.

काल कपडे बदलताना कोण बोललं, ते मी विचारणार नाही. "चार महिने पाळी नाही, कटकट गेली!" यावर बाकीच्यांनी टाळ्या दिल्या. अकला कुठे गहाण ठेवल्यात गं?

सकाळी मैदानावर घाम गाळायचा आणि डब्यातल्या पोळ्या दुसरीला द्यायच्या! पोटात पुरेसं पडलं नाही की शरीर जगण्यापुरतं काम चालू ठेवतं आणि बाकीचं थांबवतं. मेंदूकडून बीजकोशांना जाणारे संदेश मंदावतात, बीज सुटत नाही, इस्ट्रोजेन घटतं. त्याच इस्ट्रोजेनवर हाडंही टिकतात. या वयात हाडं भरली नाहीत, तर पुढे ती तूट पुरती भरून निघेलच असं नाही.

मेरी केन ठाऊक आहे? अमेरिकेची धावपटू. 2013च्या जागतिक स्पर्धेत, 17व्या वर्षी, 1500 मीटरच्या अंतिम फेरीत धावली. 2019मध्ये तिनेच जाहीर सांगितलं, वजन घटवण्याच्या दबावाखाली तीन वर्षं पाळी आली नाही आणि पाच हाडं मोडली. तिच्यापेक्षा मोठ्या धावपटू लागून गेलात का तुम्ही?

"मी कुठे बारीक आहे?" असं मनात म्हणणाऱ्यांनीही ऐका. जेवून मुद्दाम ओकणारीचं वजन काट्यावर ठीक दिसू शकतं, पाळी तरी बिघडते. गोळ्या घेऊन रक्तस्राव झाला म्हणजे शरीर सावरलं असं नाही. आणि पाळी बंद आहे म्हणजे दिवस राहणारच नाहीत, हाही भ्रम काढून टाका. बीज पाळीच्या आधी सुटतं.

अन्नाची धास्ती बसणं हा आजार आहे. आजारी मुलीवर मी चिडत नाही. तिचा डबा गुपचूप संपवणाऱ्या आणि "काय मस्त बारीक झालीस" म्हणणाऱ्या तुम्हा मैत्रिणींवर चिडले आहे.

तीन महिने पाळी नाही, तिचा सराव आजपासून बंद. डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्याशिवाय मैदानात पाऊल टाकायचं नाही. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं, मानसोपचार लागले तर तेही घ्यायचे. नाव मला एकटीला येऊन सांगा. घरी बोलायची भीती वाटत असेल, तर आईचा नंबर द्या. फोन मी करते.