फाटलेले जाळे आणि आपली मंडळी

आजचे वाचन : गलतीकरांस पत्र ६:१-५



प्रियांनो, आजच्या पाच वचनांत पौल एका अवघड माणसाविषयी बोलतो. हा माणूस बाहेरचा नाही, मंडळीतलाच आहे. पण तो कुठल्यातरी अपराधात सापडला आहे. अशा माणसाचं काय करायचं? पौल त्याला काढून टाका म्हणत नाही, आणि दुर्लक्ष करा असंही म्हणत नाही. जे आत्म्याने चालतात त्यांनी सौम्यपणे त्याला पुन्हा नीट करावं, आणि हे करताना स्वतःवरही नजर ठेवावी, असं तो सांगतो.

इथे "नीट करणे" यासाठी मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे, तोच शब्द मार्क १:१९ मध्ये येतो. याकोब आणि योहान होडीत बसून जाळी नीट करत होते, तिथे. किती सुंदर आहे पाहा! आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर कोळीबांधव जाळी तुणत बसलेले आपण पाहिले आहेत. जाळं फाटलं म्हणून कोणी ते समुद्रात फेकून देत नाही. आणि घाईनं ओढत पण नाही, कारण ओढलं तर भोक मोठं होतं. मांडीवर घेऊन, एकेक गाठ मारत, दोघे-तिघे मिळून ते काम चालतं. वेळ लागतो. पण जाळं न तुणता दुसऱ्या दिवशी समुद्रावर गेलं, तर हाती काय येणार?

आज या वचनाच्या प्रकाशात आपण व्यसनात अडकलेल्या भावाबहिणींचा विचार करू या. प्रश्न असा आहे : स्थानिक बाप्टिस्ट मंडळीने व्यसनमुक्तीची सेवा सुरू केली, तर त्या व्यसनी माणसाचं भलं होईल हे खरं, पण मंडळीचं काय होईल? आपली मंडळी यातून बळकट होईल का?

आपली शांतता

आपण बाप्टिस्ट लोक दारूच्या बाबतीत कडक. अनेक मंडळ्यांच्या जुन्या करारनाम्यांत मादक पेयांपासून दूर राहण्याचं अभिवचन असतं. प्रभुभोजनाच्या प्याल्यातही बहुतेक ठिकाणी न आंबवलेला द्राक्षांचा रसच असतो. ही शिस्त चांगली आहे, ती मोडावी असं मी म्हणत नाही. किंबहुना दारू सोडू पाहणाऱ्या भावाला आपल्या मेजावर बिनधास्त हात पुढे करता येतो, ही या शिस्तीचीच देणगी आहे.

पण जरा विचार करा. जिथे कोणी पीत नाही असं सगळे धरून चालतात, तिथे पिणारा माणूस कुठे जाणार? तो लपतो. आधी मागच्या बाकावर बसतो, मग अर्पण झालं की निघून जातो, मग येतच नाही. त्याची बायको विचारणाऱ्यांना सांगते, "ह्यांची ड्युटी आहे." बहिणींच्या प्रार्थनासभेत ती मुलाच्या परीक्षेसाठी प्रार्थना मागते, सासूच्या गुडघ्यासाठी मागते. जे ओझं तिला रात्रभर झोपू देत नाही, ते मात्र ती मागत नाही. मागितलं तर उद्या सगळ्या मंडळीला कळेल, मुलीच्या लग्नात अडचण येईल, ही भीती. आणि गोष्ट फक्त दारूची नाही. कोणाच्या खिशात गुटख्याची पुडी असते, कोणी सकाळ-संध्याकाळ मशेरी लावल्याशिवाय राहू शकत नाही, कोणी मोबाईलवर रमी खेळून पगार घालवलेला असतो.

ज्या मंडळीत खरं दुःख बोलता येत नाही, तिथल्या प्रार्थना हळूहळू पोकळ होतात. गीतं असतात, उपदेश असतो, पण जाळं फाटलेलंच असतं.

करिंथची मंडळी आठवा. १ करिंथ ६:९-११ मध्ये पौल पापांची मोठी यादी देतो. त्यात मद्यपीही आहेत. आणि मग तो म्हणतो की तुमच्यापैकी काही जण पूर्वी असेच होते, पण आता धुतले गेले आहात. म्हणजे त्या पहिल्या मंडळीत कोण कुठून आलं हे लपलेलं नव्हतं, पत्रातून सर्वांसमोर वाचलं जात होतं. त्यांची ओळख भूतकाळ नव्हती, येशू होता. म्हणून भूतकाळ बोलायची भीती नव्हती.

दोन घरांत अर्धा-अर्धा माणूस

अमेरिकेतली एक गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियातली सॅडलबॅक चर्च ही त्या काळी सदर्न बाप्टिस्ट परिवारातली मंडळी होती. तिथे जॉन बेकर नावाचे एक सभासद होते. दारूतून बाहेर पडण्यासाठी ते अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना जात. ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात सुरू झाली, आणि तिच्या बारा पायऱ्यांमुळे असंख्य लोक सावरले आहेत. पण बेकर यांची अडचण अशी होती, की त्या सभेत येशूचं नाव मोकळेपणानं घेता येत नसे, आणि मंडळीत आपल्या व्यसनाविषयी मोकळेपणानं बोलता येत नसे. दोन्ही घरांत अर्धा-अर्धा माणूस!

त्यांनी आपले पाळक रिक वॉरेन यांना लांबलचक पत्र लिहून एका सेवेचं दर्शन मांडलं. पाळकांनी उत्तर दिलं, मग तुम्हीच करा. १९९१ साली "सेलिब्रेट रिकव्हरी" या नावानं पहिली सभा भरली, तेव्हा ४३ जण आले होते. आज ही सेवा हजारो मंडळ्यांत चालते. तिची रचना साधी आहे. आधी सर्वांनी मिळून उपासना, मग शिकवण किंवा एखादी साक्ष, आणि मग छोटे गट, पुरुषांचे वेगळे, स्त्रियांचे वेगळे. शिकवणीचा आधार मत्तय ५ मधली धन्योद्गाराची वचनं. आणि ती फक्त दारुड्यांसाठी नाही. राग, दुखावलेपण, वाईट सवयी, काहीही घेऊन माणूस येऊ शकतो.

मला या गोष्टीतली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हे काम पाळकानं सुरू केलं नाही. ज्याची जखम होती त्यानं सुरू केलं, आणि पाळकानं वाट अडवली नाही. सर्व विश्वासणारे याजक आहेत (१ पेत्र २:९) हे आपण बाप्टिस्ट मोठ्या अभिमानानं शिकवतो. पण रविवारी पाहिलं तर काम चार-पाच जणच करतात. जो काल सावरला तो आज पडलेल्याला हात देतो, तेव्हा ही शिकवण कागदावरून उतरून चालायला लागते. जिला नवऱ्याच्या दारूचा वीस वर्षांचा अनुभव आहे ती बहीण, नवीन आलेल्या सुनेजवळ बसते, तेव्हा तिला कुठल्या पदवीची गरज पडत नाही.

ओझे कोणते, भार कोणता?

आता आजच्या वाचनातलं एक कोडं पाहू. वचन २ मध्ये पौल सांगतो की एकमेकांची ओझी उचला. आणि तीनच वचनं पुढे गेलं की सांगतो, प्रत्येकानं आपापला भार स्वतः वाहायचा आहे. मग खरं काय?

मूळ भाषेत हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला शब्द चिरडून टाकणाऱ्या वजनासाठी वापरला आहे, जे एकट्याला पेलत नाही. दुसरा शब्द ज्याचं त्यानं न्यायचं गाठोडं अशा अर्थाचा आहे. व्यसनाच्या घरात नेमकी इथेच गल्लत होते. गुत्त्यावरची उधारी बायको भागवते. कामावर फोन करून "ताप आहे" असं भाऊ सांगतो. पडलेल्या उलट्या आई पुसते आणि सकाळी कोणी काही बोलत नाही. हा त्याचा भार होता, तो दुसऱ्यांनी उचलला. त्यामुळे त्याला आपल्या पिण्याची किंमत कधी कळलीच नाही. आणि जे खरं ओझं होतं, ती लाज, तो एकटेपणा, रात्री दोनची ती तलफ, ते मात्र कोणीच उचललं नाही.

मंडळीनं इथे शहाणपण शिकायचं आहे. कर्ज फेडून देऊ नका, पण दवाखान्यात सोबत जा. खोटं बोलून झाकू नका, पण रात्री फोन आला तर उचला. जी मंडळी हा फरक शिकते, ती फक्त व्यसनी माणसाशीच नाही, सगळ्यांशीच नीट प्रेम करायला शिकते. आईवडील मुलांशी, सासू सुनेशी, वडीलमंडळ पाळकाशी!

सुरू करायचं असेल तर

आपल्या मंडळ्या स्वशासित आहेत. वरून कोणाची परवानगी आणावी लागत नाही, सभासदांच्या सभेत ठरलं की सुरू. हे बळ आहे. पण चुकलं तर सांगायला वर कोणी नाही, हा धोका पण आहे. म्हणून काही नियम आधीच लिहून ठेवा.

पहिली गोष्ट, डॉक्टर. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक दारू बंद केली तर हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना फिट येते. दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जिवावरही बेतू शकतं. याला भूतबाधा समजून त्याला खोलीत कोंडू नका. आधी दवाखान्यात न्या, आणि तिथे बसून प्रार्थना करा. पौलाच्या सोबत लूक वैद्य होता हे विसरू नका (कलस्सै ४:१४). आणि जेवणात गुपचूप मिसळायची औषधं अजिबात देऊ नका. अशा औषधावर दारू पोटात गेली तर प्रकृती गंभीर होऊ शकते.

दुसरी, गुप्तता. गटात बोललेलं गटातच राहील. ते चहाच्या कपाबरोबर बाहेर गेलं, प्रार्थनेचा विषय म्हणून जरी गेलं, तरी सेवा त्याच दिवशी संपली असं समजा.

तिसरी, घाई नको. महिनाभर दारू सोडलेल्या भावाला लगेच व्यासपीठावर साक्ष द्यायला उभं करू नका. नवशिक्याला पुढारी करू नये, हे १ तीमथ्य ३:६ मधलं शहाणपण इथेही लागू आहे. टाळ्या वाजतात, आणि पुढच्या आठवड्यात पाय घसरला तर तो कोणत्या तोंडानं परत येणार?

चौथी, एकटे करू नका. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेलं कृपा फाउंडेशन आहे. अनेक गावांत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे मराठी गट आहेत, आणि कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन आहे. सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्ती हेल्पलाईन आहे. त्यांचं काम त्यांना करू द्या, आपलं काम आपण करू. उपचार संपवून घरी आलेल्या माणसाला रविवारी संध्याकाळी बसायला एक जागा हवी असते, जिथे कोणी त्याच्या तोंडाचा वास घेणार नाही. ती जागा मंडळी देऊ शकते.

पुन्हा पडला तर?

हा प्रश्न प्रत्येक वडीलमंडळात विचारला जातो. बाप्तिस्मा घेतलेला भाऊ पुन्हा प्यायला, आता काय?

प्रियांनो, रोम ६ प्रमाणे बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो आणि उठलो. तो बाप्तिस्मा पुन्हा पुन्हा होत नाही, कारण ख्रिस्त पुन्हा पुन्हा मरत नाही. पडलेल्याला नव्यानं पाण्यात उतरायचं नसतं, परत यायचं असतं. मत्तय १८ मधली मंडळीची शिस्त आपण पुष्कळदा दार बंद करण्यासाठी वापरतो. पण त्याच अध्यायात, त्या शिस्तीच्या अगदी आधी, नव्व्याण्णव मेंढरं सोडून एकाला शोधायला निघालेला मेंढपाळ आहे. आणि शिस्तीच्या लगेच नंतर पेत्राचा प्रश्न आहे, किती वेळा क्षमा करू? शिस्त या दोघांच्या मध्ये बसवली आहे. तिथून ती उचलून वेगळी वापरू नका.

सगळेच सुटतील असं मी सांगणार नाही. काही भाऊ परत परत पडतील. काहींच्या घरी आपल्याला शेवटची प्रार्थना करायला जावं लागेल. तरी ती सेवा वाया गेली असं नाही. त्याच्या बायकोनं चार लोकांत पहिल्यांदा खरं सांगितलं, त्याच्या मुलानं पाहिलं की मंडळीनं बाबांना टाकलं नाही, हे देवाच्या दृष्टीनं लहान नाही. आणि ज्या मंडळीनं हे केलं, ती मंडळी पूर्वीसारखी राहत नाही. तिथल्या प्रार्थना खऱ्या होतात. तिथला उपदेश सौम्य होतो. वस्तीतल्या माणसाला कळतं, की या दारातून आत जायला आधी चांगलं व्हावं लागत नाही.

आज स्वतःला विचारा

माझ्या मंडळीत असं कोण आहे, जे हल्ली अर्पणानंतर निघून जातं? मी त्याला शेवटचा फोन कधी केला?

मी कोणाचा भार उचलून त्याला दुबळं करतोय का? आणि कोणाचं ओझं पाहूनही हात खिशात ठेवलाय का?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू सरोवराच्या काठी जाळी तुणणाऱ्यांना बोलावलंस. आम्हालाही तेच काम दे. आमच्या मंडळीत जे लाजेनं लपले आहेत, त्यांना आमची भीती वाटू नये असं आम्हाला कर. आज रात्री तलफेशी झुंजणाऱ्या प्रत्येक भावाबहिणीजवळ तू बस. त्यांच्या घरातल्यांना झोप दे. डॉक्टरांना, सेवकांना धीर दे. आणि जो पुन्हा पडला आहे, त्याला परत येण्याचं बळ दे, आणि आम्हाला दार उघडं ठेवण्याचं. तुझ्याच नावात मागतो. आमेन.