मतदान झालंच नव्हतं

'देव एकच' या विषयावर मी कितीतरी व्याख्यानं दिली. ज्यूंचा शमा, मुसलमानांचा कलमा, शिखांचा इक ओंकार, जोतीरावांचा निर्मीक अशी माळ ओवायची आणि शेवटी 'अल्ला म्हणजे आपला विठ्ठलच' म्हणायचं. टाळ्या ठरलेल्या. कुराणातली सूरह इखलास जेमतेम चार आयतींची. त्याच्या तोडीचा दुसरा कुणी नाही, असं तिची शेवटची आयत सांगते. ती मी वाचली होती. तरी त्या देवाला माझ्या देव्हाऱ्यात बसवताना, ज्यांचा तो आहे त्यांना हे चालेल का, हा प्रश्न मला पडला नाही.

परमहंस सभेवर बोलताना तर हशाही मिळायचा. १८४९ मध्ये मुंबईत निघालेली ही गुप्त सभा. देव एक मानायचा, जात मोडायची आणि त्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा. पण सगळं दार लावून. १८६० च्या सुमारास सभासदांची नावं फुटली आणि मंडळी पांगली. "कडी लावून एकेश्वरवाद!" असं मी म्हणायचो.

गेल्या वर्षी आमच्या इमारतीत एक घर भाड्याने द्यायचं होतं. बघायला आलेला मुलगा माझ्याकडे बसून चहा पिऊन गेला होता. नवराबायको, दोघंही नोकरीला. मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी अर्जावरचं नाव वाचलं, कागद उलटा ठेवला आणि म्हणाले, "आपल्याकडे नको."

दोघातिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी बशीतल्या चिवड्यातले शेंगदाणे निवडत राहिलो. भिडेपोटी गप्प बसलो, असं नंतर स्वतःला समजावलं. ते अर्धंच खरं. 'नको' हा शब्द कानावर पडला तेव्हा मला क्षणभर बरंही वाटलं होतं. जिन्यात रोज कोण भेटणार, सणाला काय शिजणार, असले हिशेब मनात आधीच होऊन गेले होते. परमहंसवाल्यांनी निदान पाव तरी खाल्ला.

रात्री त्या मुलाचा फोन आला. "काका, काय ठरलं?"

"बहुमत नव्हतं रे," मी म्हणालो.

"बरं काका. तुम्ही प्रयत्न केलात, थँक्यू."

मतदान झालंच नव्हतं. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. नंबर फोनमध्ये आहे.