थंडी शिरते कुठून?

पौषात भांडगावच्या शिवारात शेतीची लाईट रात्रपाळीची आली, की उसाच्या सरीत अनवाणी उभं राहून दारं धरावी लागतात. पहाटे अंगात कणकण आली, तर व्हायरसचं नाव घरात कुणी काढत नाही. थंडी बाधली, काढा घे आणि घोंगडी ओढून पड, एवढाच हुकूम. आलं, दालचिनी, ज्येष्ठमधाचा हा काढा चिनी ‘ग्वेझी थांग’चा भाऊबंद शोभेल. त्यात दालचिनीच्या कोवळ्या काड्या, आलं, ज्येष्ठमध, चिनी बोरं आणि पिओनीची मुळी.

हा चिनी काढा लिहून ठेवणारा वैद्य चांग चुंगचिंग इ. स. 200च्या आसपासचा. दोनशेवर माणसांचं त्याचं कूळ. दहा वर्षांच्या आत त्यातली दोन तृतीयांश गेली, दहातली सात थंडीच्या तापानं, असं थंडीच्या तापावरच्या त्याच्या ‘शांग हान लुन’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आहे. त्यामुळे पुढची बारीकसारीक विचारपूस कोरडी वाटत नाही. थंडी कातडीतून शिरते आणि सहा टप्प्यांनी आत सरकते, ही त्याची मांडणी. पहिल्या टप्प्यात मान आखडते, हुडहुडी भरते, नाडी वरवर लागते. मग पाहायचं, घाम येतोय का? येत असेल आणि वारा सोसवत नसेल, तर दालचिनीचा काढा. घामाचा टिपूस नाही आणि हाडं ठणकतायत, तर माहुआंग या वनस्पतीचा काढा. (याच वनस्पतीतून 1885 साली नागाई नागायोशी यांनी इफेड्रिन वेगळं काढलं.) दालचिनीच्या काढ्यावर गरम पातळ पेज प्यायची, पांघरूण घ्यायचं. अंगभर ओलावा आला की पुरे, धारा लागता कामा नयेत. पहिल्याच मात्रेनं उतार पडला, तर उरलेला काढा द्यायचा नाही. औषध कधी थांबवायचं हे इतक्या निगुतीनं सांगणारा वैद्य मला फार मोठा वाटतो.

चरकसंहितेतही नव्या तापाला लंघन, स्वेदन आणि पेज आहे. पण तिथं बिघाड आमाशयात सुरू होतो, दोष तिथला अग्नी बाहेर ढकलतात. चिनी वैद्य आधी कातडी पाहतो, आपला पोट.

चीनमध्ये कातडीचा सिद्धांत पुढं डळमळला. 1642 मध्ये, साथींनी माणसं मरत असताना, वू योक या वैद्यानं लिहिलं की हा आजार थंडीचा नव्हेच. वेगळंच काही दूषित नाका-तोंडावाटे शिरतं. अठराव्या शतकात ये थ्येनश या वैद्याच्या शिकवणीतून उष्ण तापांचे चार थर मांडले गेले. थंडीचा ग्रंथ मात्र कुणी टाकला नाही.

विसाव्या शतकात सर्दीचे विषाणू सापडले, आणि थंडी बाधणं ही आजीबाईंची समजूत ठरली. इंग्लंडात सॉल्झबरीच्या सर्दी-संशोधन केंद्रात माणसं गारठवून पाहिली, फरक दिसला नाही. 2005 साली कार्डिफमधून वेगळी बातमी आली. 90 जणांनी 20 मिनिटं थंड पाण्यात पाय बुडवले, तितक्याच जणांनी रिकाम्या भांड्यात ठेवले. चार-पाच दिवसांत सर्दी झाल्याचं पहिल्यांतल्या 13 जणांनी सांगितलं, दुसऱ्यांतल्या 5 जणांनी. संशोधक रॉन एकल्स यांचा तर्क असा, की पाय गारठले की नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीपासून दबा धरलेल्या विषाणूला मोकळं रान मिळतं. तर्कच म्हणायचा, कारण त्या प्रयोगात विषाणूची तपासणी केलीच नव्हती.