उलटी बाजू

शिवणकाम जाणणाऱ्या माणसाच्या हाती तयार कपडा दिला की तो सर्वप्रथम उलटा करतो. गिऱ्हाईक रंग पाहते, गळ्याचा आकार पाहते, आरशापुढे खांद्याला लावून पाहते. शिवणाऱ्याला त्याचे फारसे काही नसते. कडा कशा दुमडल्या आहेत, काजांचे दोरे आतून बंद केले आहेत की नुसते लोंबत सोडले आहेत, आणि मुख्य म्हणजे माया किती ठेवली आहे, हे त्याला पाहायचे असते. पुढेमागे अंग भरले तर कपडा उसवून सैल करता यावा म्हणून शिवणीच्या आत जे जादा कापड राखतात, त्याला आमच्या कामात माया म्हणतात. वेदान्त्यांनी या शब्दाचा जो अर्थ केला त्यापेक्षा शिंप्यांचा अर्थ मला नेहमीच अधिक जवळचा वाटत आला आहे.

आईच्या पायमशीनवर मी दहाव्या वर्षी बसले. पहिल्याच आठवड्यात तिने मला एक गोष्ट दाखवली. मशीनची टीप दोन धाग्यांची असते. एक धागा सुईतून वरून येतो, दुसरा बॉबिनमधून खालून, आणि कापडाच्या पोटात दोघे एकमेकांत अडकतात. वरच्या धाग्याचा ताण सैल पडला तर वरून टीप सरळ दिसते. पण कापड उलटे केले की खाली धाग्याची वेटोळी दिसतात. असा कपडा अंगावर चढतो, चार दिवस शोभतोही. एकदा कोठे अडकला की सगळी शिवण सरकन निघून येते. तेव्हापासून मी माणसांच्या बोलण्याकडेही थोड्याशा त्याच नजरेने पाहत आले. ही सवय चांगली की वाईट, हे मला अजून सांगता येणार नाही. मात्र ती माझ्या घरच्यांवर आणि पर्यायाने माझ्या श्रद्धेवर उलटेल, असे मला कधी वाटले नव्हते.

आमचे मूळ गाव पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरास ठाणे घातले आणि १८४२ साली तेथून ‘ज्ञानोदय’ निघू लागले. या भागातील बहुतेक जुन्या ख्रिस्ती घराण्यांची कथा त्याच कार्याशी कोठे ना कोठे जोडलेली आहे. आमच्या मंडळीला सव्वाशे वर्षे झाली म्हणून स्मरणिका काढायचे ठरले. प्रत्येक जुन्या घराण्याने एक पान द्यायचे होते. मामा समितीत होते. मी मराठी घेऊन एम.ए. केले असल्यामुळे आमच्या घराचे पान साहजिकच माझ्याकडे आले.

काय लिहायचे ते ठरलेलेच होते. लहानपणापासून दर नाताळला मी ते ऐकत आले होते. माझी खापरपणजी दहा वर्षांची असताना गावच्या पारावर एक उपदेशक आले. त्यांचे शब्द त्या अशिक्षित पोरीच्या काळजाला जाऊन भिडले. ती त्यांच्यामागून चालत मिशनच्या आवारात गेली, बाप्तिस्मा घेतला, पुढे शिवणकाम शिकली आणि त्या कामावर तिने मुले वाढवली. पान तासाभरात लिहून झाले असते.

त्याच दिवसांत मी आजीची गोधडी दुरुस्तीला घेतली. ही गोधडी मूळ खापरपणजीची. तिचे वरचे कापड तीनचारदा बदललेले, पण आतले थर जुनेच. एका कोपऱ्यात ती कुजली होती, म्हणून मी धावदोरा उसवत गेले. लुगड्यांचे विटलेले थर निघाले, आणि त्यांच्या मध्ये हातभर गोणपाट. गोधडीत मऊपणासाठी जुनी लुगडी घालतात, धोतरे घालतात. अंगाला टोचणारे गोणपाट कोणी घालत नाही. मी ते आजीला दाखवले. आजी आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. तिने ते हातात घेतले, वासही घेतला, आणि म्हणाली, “हे ते. म्या नुसतं ऐकलं व्हतं.”

मग तिने मला जे सांगितले त्यात पार नव्हता, उपदेशकही नव्हता. १८९९-१९०० च्या दुष्काळात खापरपणजीच्या आईने तिला मिशनच्या आवाराच्या दाराशी बसवले, “हितंच बस, भाकर मिळंल,” असे सांगितले आणि ती निघून गेली. ती पुन्हा कधी आली नाही. रात्री पोरीने धान्याच्या रिकाम्या पोत्यात अंग मुडपले. पुढे कपडे मिळाले, अंथरूण मिळाले, तरी पोत्याचा तो तुकडा तिने टाकला नाही. “येशूबाबाचं नाव तिला म्होरं कळालं,” आजी म्हणाली. “आधी भूकच व्हती.”

मी ते पान लिहू शकले नाही.

‘भाकरीचे ख्रिस्ती’ हा शब्द ज्याने आयुष्यात ऐकला नसेल त्याला यात अडचण कोणती, ते कदाचित कळणार नाही. मामांनी तो कॉलेजच्या वसतिगृहात ऐकला होता, मी शाळेत ऐकला. त्यामागचा आक्षेप असा की, जी श्रद्धा पोटासाठी घेतली ती श्रद्धाच नव्हे, तो सौदा. यावर व्यवहारातले उत्तर देता येते. धर्मांतराने फायदा झाला म्हणणाऱ्यांनी १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश वाचावा. अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्या दलितांना त्याने नाकारल्या. पण हे उत्तर बाहेरच्याला झाले. माझा प्रश्न घरातला होता. ज्या श्रद्धेचा पहिला टाका भुकेने घातला, ती पाचव्या पिढीत माझ्यापर्यंत आली. ती खरी आहे, हे मी कशावरून म्हणावे?

पवित्र शास्त्रात मी प्रथम जाऊन पोहोचले ती नेमकी मला नको असलेल्या जागी. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात लोक येशूला शोधत समुद्रापलीकडे येतात, आणि तो त्यांना तोंडावर सांगतो, की तुम्ही चिन्हे पाहिली म्हणून नव्हे, तर भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधता. ही ओळ मी त्या रात्री किती वेळा वाचली असेन! तीत निंदा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दुसऱ्या दिवशी काजे करता करता ध्यानात आले की हे बोलणारा आदल्या दिवशी त्याच लोकांना गवतावर बसवून जेवू घालणारा होता. तुम्ही कशासाठी आलात, असे त्याने जेवणाआधी विचारले नव्हते. त्याने शिकवलेल्या प्रार्थनेतही पापांच्या क्षमेआधी रोजची भाकर आहे. तो क्रम सहज लागलेला आहे, असे मला वाटत नाही.

आणि उधळ्या पुत्राचे काय? आपण त्याच्या पश्चात्तापावर इतके ऐकलेले असते की तो घरी का निघाला हेच विसरतो. डुकरांपुढच्या शेंगांवर पोट भरावे असे वाटण्यापर्यंत तो आला, आणि बापाच्या चाकरांना भाकर पुरून उरते हे त्याला आठवले. आधी आठवली ती भाकर. बापाशी काय बोलायचे ते त्याने नंतर जुळवले. बाप त्याची उलटतपासणी घेत नाही. तो धावत जातो, आणि उत्तम झगा आणून याला घाला, असे सांगतो.

येथपर्यंत मी समाधानाने आले होते. भुकेने आणलेला माणूसही खरोखर येऊ शकतो, आणि दाराशी बसलेल्या त्या पोरीने पुढे साठ वर्षे जे केले त्याचा हिशेब पहिल्या रात्रीवरून मांडणे अन्यायाचे आहे. पण यातून वेगळाच प्रश्न निघाला. भूक लाजिरवाणी नसेल, तर मग आमच्या घराने ती सव्वाशे वर्षे लपवली का? आणि जे लपवले त्याला खोटे म्हणावे काय?

येथे थोडे विषयांतर करते. १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना गांधीजींनी शिलाई यंत्राला अपवाद मानले. आपली पत्नी हाताने शिवताशिवता शिणते हे पाहून सिंगरने ते यंत्र घडवले, अशी हकीकत त्यांनी सांगितली. यंत्राच्या मुळाशी प्रेम होते, असा तिचा आशय. कथा सुंदर आहे. प्रत्यक्षात हा सिंगर नाटकातला नट. त्याचे संसार एकाहून अधिक, मुले वीसहून जास्त. त्याने एकस्व १८५१ साली घेतले, परंतु दोन धाग्यांच्या टिपेचे एकस्व एलियास हौ याने १८४६ मध्येच मिळवले होते, आणि त्याचा मोबदला अखेर सिंगरला द्यावा लागला. हे कळल्यामुळे माझ्या आईच्या मशीनची टीप वाकडी झाली नाही. मशीनला कोणाच्या सदाचाराची गरजच नव्हती. प्रेमाची ती कथा गरजेची होती ऐकणाऱ्यांना.

आमची पारावरची कथा तशीच. ती खापरपणजीने रचलेली नव्हती, एवढे आजीकडून कळले. नंतरच्या कोणीतरी, बहुधा मुलांनी अपमान ऐकू नये म्हणून, ती जोडली. मार्काच्या शुभवर्तमानात कोऱ्या कापडाच्या ठिगळाचा दृष्टांत आहे. प्रवचनांत तो नव्या आणि जुन्या युगाविषयी सांगतात. मला तो आधी शिवणकामाचा वाटतो. कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते आणि भोवतालचे जीर्ण कापड ओढून फाडते. म्हणून ठिगळाचे कापड आधी रात्रभर भिजवावे लागते. पारावरचा उपदेशक हे असे न भिजवलेले ठिगळ होते. पहिले पाणी लागले ते माझ्यावर, आणि एका संध्याकाळी माझी सगळी श्रद्धा फाटल्यासारखी झाली. खरी गोष्ट मला दहाव्या वर्षी सांगितली असती तर ती अंगाला टोचली असती. फाडले काहीच नसते.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. ती पुन्हा वाचताना या वेळी मला त्यांचा हेवा वाटला. नवऱ्याने १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हाचा आपला आकांत, जातीचे सोवळे हळूहळू आणि नाखुशीने सुटत जाणे, संसारातली भांडणे, सारे त्यांनी हसतहसत मांडले आहे. त्यांच्या श्रद्धेची उलटी बाजू पुरती दिसते, आणि दिसते म्हणूनच सुलटीवर विश्वास बसतो. पण हेही खरे की त्या लक्ष्मीबाई होत्या. त्यांच्याकडे हिणवून पाहणारा ‘पोटासाठी’ हा शब्द सहजी उच्चारू शकत नव्हता. दाराशी बसवलेल्या पोरीच्या नातवंडांकडे ते संरक्षण नव्हते. मी मामांवर रागावले होते, तो राग येथे थोडा निवला.

मामांना मी नवे पान वाचून दाखवले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आपण स्वतः होऊन त्यांच्या हातात कागद द्यायचा का, बाळ?” मला उत्तर सुचले नाही. सुचले ते आईला, आणि तेही माझ्या बाजूचे नव्हते. ती ब्लाउजला अस्तर लावत होती. मान वर न करता म्हणाली, “अस्तर कोणाला फसवायला लावत नाहीत. आतलं आत राहावं म्हणून लावतात.”

या वाक्याने मला आठवडाभर छळले. आईचे म्हणणे खोटे नाही. त्या बापाने मुलाच्या अंगावर झगा घातला तो झाकण्यासाठीच. गावाला चिंध्या दिसू दिल्या नाहीत. झाकणे हे प्रेमाचे काम आहे. परंतु ही कथा आपल्यापर्यंत आली ती शेंगांसकट आली. बापाने झाकले; सांगणाऱ्याने सांगितले. मुलाला परदेशी देवाने स्वप्नात बोलावले, म्हणून तो परतला, असे लूकने लिहिले असते तर बापाचे धावणे उरले नसते. अस्तर आणि खोटी टीप यांतला फरक मला येथे सापडला, असे वाटते. अस्तर उसवले तर खाली शिवण असते. आमच्या कथेखाली मात्र शिवणच ठेवली नव्हती. खापरपणजी जिला वाट पाहत बसली, ती तिची आई त्या कथेतून पुरती नाहीशी झाली होती. दुष्काळात आपले मूल दुसऱ्याच्या दाराशी बसवून मागे न पाहता चालत गेलेली बाई. तिचा धर्म कोणता होता ते मला ठाऊक नाही, नावही ठाऊक नाही. आमच्या घरातल्या पाच पिढ्यांची माया तिने राखली, आणि आम्ही तिच्या जागी पारावरचा उपदेशक आणून बसवला.

प्रेषितांच्या कृत्यांत यापोची टबीथा मरते तेव्हा विधवा रडत पेत्राला तिने शिवलेले कपडे दाखवतात. तिच्या विश्वासाविषयी त्या काही बोलत नाहीत. पेत्राने ते कपडे उलटे करून पाहिले असतील का, असे मला उगीचच वाटत राहते.

पान मी पुन्हा लिहिले. पोते लिहिले, दार लिहिले, निघून गेलेली आई लिहिली. नंतरचे शिवणकाम आणि उपासनेतली साठ वर्षेही लिहिली. छापायचे की नाही ते मामांवर आणि समितीवर सोडले. मात्र पारावरचा उपदेशक माझ्या हातून लिहून होणार नाही, हे सांगितले. आणि देण्याआधी ते आजीला वाचून दाखवले, कारण ही गोष्ट जर कोणाची असेल तर ती आधी तिची. उसवलेला कोपरा मी पुन्हा शिवला होता, गोणपाट होते तेथेच ठेवून. ती गोधडी पायांवर घेऊन ती ऐकत होती. मध्ये एकदाच तिने मला थांबवले.

“ज्वारीची भाकर लिव्हलीस का?”

“हो.”

“ज्वारी कुठली आली दुकाळात? मक्याची व्हती. परमुलखातनं आल्याली. तिला गिळवंना म्हनं पयल्या दिवशी. ते नीट कर.”

मी ते नीट केले.