आधीच भिंतीत आहे ते

विद्यापीठाच्या जुन्या कचेऱ्या पर्यावरणपूरक साहित्य वापरून नव्या करायच्या, ही कल्पना चांगलीच. पण आधी एक विचारावंसं वाटतं : सगळ्यांत कमी हिंसेचं साहित्य कोणतं?

आपण माती-दगडातही जीव मानतो, पृथ्वीकाय. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा धंद्यांत भट्टीचं अंगारकर्म आहे, खणण्या-फोडण्याचं स्फोटकर्मही आहे. आम्ही मावल्याची माणसं. शेजारी आदिलाबादचा सिमेंट कारखाना बंद पडून कितीतरी वर्षं झाली, पण चुनखडीसाठी जमीन पोखरणं म्हणजे काय, हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सिमेंटसाठी ती सुमारे 1450 अंशांवर भाजतात. चुन्याला 900 च्या आसपास पुरतात. राखेच्या विटांना तर भट्टीच लागत नाही. पण ती राख कोळसा जाळूनच आलेली असते ना! अगदी निर्दोष असं काही सापडत नाही.

मग त्यातल्या त्यात कमी दोष कशात? आधीच भिंतीत आहे त्यात. त्या विटेची हिंसा होऊन गेली. ती पाडली, की तीही वाया जाते आणि नवी पदरात पडते.

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर बघा. 1878 साली तो पुरा झाला. देणगी प्रेमचंद रायचंद यांची, नाव त्यांच्या आईचं. दृष्टी गेलेल्या राजाबाईंना सूर्यास्ताआधीच्या जेवणाची वेळ घंटेवरून कळायची, असं सांगतात. 2015 साली टॉवरची दुरुस्ती पुरी झाली, रंगीत काचांसकट. दगड तोच राहिला.

कुणी म्हणेल, तो वारसा म्हणून वाचला. साध्या कचेरीचं काय? खरं आहे. छत गळतंय, कारकून ओल्या भिंतीशी बसून दम्यानं बेजार, अपंग विद्यार्थ्याला जिना चढवत नाही. जुनं राखायच्या हट्टापायी त्यांना सोसायला लावणं हीही हिंसाच. तिथं खुशाल तोडा, उतार बांधा, खिडकी मोठी करा. पण धड फरशी केवळ जुनी दिसते म्हणून उखडायची आणि नवीवर ‘हिरवी इमारत’ अशी पाटी लावायची, हा परिग्रहच, वेष बदलून आलेला.

शास्त्रातली ‘जयणा’ आणि आपलं रोजचं ‘जतन’, दोन्ही ‘यत्‌’ याच धातूतून आलेले शब्द. जपून वागणं आणि जपून ठेवणं. साहित्याची यादी करणाऱ्यानं पहिल्या ओळीत लिहावं, काय काय जागेवरच राहू द्यायचं आहे. बाजारात जायचं ते त्यानंतर.