गठ्ठा त्याला सोडू द्या

2012 च्या सुमारास सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषदेच्या शाळांनी ‘ज्ञानरचनावाद’ हा बोजड शब्द अक्षरशः जमिनीवर उतरवला. शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी फरशीवर तक्ते आखले, मण्यांच्या माळा, काड्या, खडे मुलांच्या हाती दिले, रांगा मोडून मुलांना गटात बसवलं. राज्यभरातले शिक्षक गाड्या करून हे पाहायला आले. 22 जून 2015 ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि गावोगावच्या फरश्या ऑइलपेंटने रंगल्या.

रंग लवकर पोचला. मूल आपलं ज्ञान स्वतःच घडवतं, हा त्यामागचा विचार किती पोचला, हे तपासायला एक साधी वजाबाकी पुरते.

52 मधून 27 वजा करायचे आहेत. आमच्या पिढीने ‘दोनातून सात जात नाहीत, शेजारून एक उसना घ्या’ असं घोकलं. शेजारून आणलेला एक इकडे आल्यावर दहा कसा होतो, हे विचारायची सोय नव्हती. आता मुलापुढे दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या असतात. सात सुट्या द्यायच्या तर एका गठ्ठ्याचं रबर काढावंच लागतं. दहा काड्या सतरंजीवर पसरतात आणि उसन्याचं कोडं तिथेच सुटतं. पण बरीच मुलं आधी सुट्या काड्यांकडे वळतच नाहीत. ती पहिल्यांदा दोन गठ्ठे उचलून बाजूला ठेवतात, उरलेल्या तिनांतला एक सोडतात, त्यातून सात काढतात. दोन गठ्ठे, तीन काड्या आणि आधीच्या दोन: पंचवीस. रीत चोख आहे. दुकानदार सुट्टे पैसे मोजताना याहून वेगळं काय करतो?

अशा वेळी ‘आधी एकक, मग दशक’ म्हणत शिक्षकाने काड्या पुन्हा जागेवर ठेवायला लावल्या, की कृती संपली. पुढे चालते ती घोकंपट्टीच, फक्त साहित्य रंगीत.

सगळा दोष शिक्षकाच्या माथी मारणं मात्र अन्यायाचं होईल. मागितलेली माहिती आजच भरायची असते, उपक्रमाचा फोटो ग्रुपवर टाकायचा असतो, आणि सातारा-सांगलीकडे शिष्यवृत्तीची यादी म्हणजे गावाची अब्रू! मूल दहा मिनिटं काड्यांशी झटापट करतंय, हे फोटोत दिसत नाही. पाढे पाठ करून घेण्यालाही माझा विरोध नाही. ते पाठ असलेच पाहिजेत. मात्र गठ्ठा सोडून झाल्यावर.

हाताला काम देणारं शिक्षण या मातीला नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ इथल्या घराघरात पोचलं. तिथे श्रमातून शिक्षणाचा खर्च निघायचा. कामच शिक्षण होऊ शकतं, हा दावा वर्ध्याच्या 1937 च्या परिषदेनंतर ‘नई तालीम’ या शिक्षणपद्धतीने केला. तो आपण अजून पुरता पेललेला नाही.

पेलायचा तर साहित्याची महागडी पेटी लागत नाही. सरळ उभ्या बाजूंची बाटली वरून कापा, तळ उंचसखल असेल तर खडे टाकून त्यांच्यावर येईल इतकं पाणी भरा, त्या पातळीवर शून्याची रेघ मारा आणि पट्टी चिकटवा. पर्जन्यमापक तयार. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये आणि शेजारच्या आटपाडीत पाचशेची मारामार. दोन्हीकडच्या चौथीच्या मुलांनी रोजची नोंद फोनवरून एकमेकांना कळवली, तर भूगोल, दशांश आणि आलेख एकदमच हाती लागतील. तासगावच्या मुलाला तर साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, हे घरातच ठाऊक असतं. गुणोत्तराचा धडा त्याच्या अंगणात वाळतोय आणि आपण पुस्तकातल्या सफरचंदांवर अडून बसलोय.

केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकाऱ्यांना एकच विनंती आहे. पुढच्या शाळाभेटीत मोबाइल खिशातच राहू द्या. एका मुलाशेजारी सतरंजीवर बसा, ‘हे तू कसं केलंस?’ असं विचारा, आणि त्याचं सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका. शेऱ्याच्या वहीत त्याने जे सांगितलं तेच लिहा.